काकांची काटकसर, काकूंचे भाव

आमच्या घरमालकांकडे पंखा नव्हता असं कुणी म्हणू नये. होता. पुढच्या खोलीत, मधोमध, तीन पात्यांचा. पात्यांवर धूळ बसू नये म्हणून काकांनी त्याला जुन्या चादरीची खोळ शिवून घातली होती. गणपतीच्या दिवसांत ती खोळ निघायची आणि पंखा फिरायचा, तोही देवासाठी. एरवी रत्नागिरीच्या भर मे महिन्यात, अंगाला सदरा चिकटून बसतो अशा दुपारी, काका पडवीत उघड्या अंगाने पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले असायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पुठ्ठा हलवला की दंडाला व्यायाम होतो. पंखा लावला की फक्त मीटरला होतो."

गंमत म्हणजे या माणसाची अख्खी नोकरी पोफळीच्या वीजघरात झालेली. चौतीस वर्षं स्टोअरकीपर. वीज जिथे जन्माला येते तिथे आयुष्य काढलेला माणूस विजेचा एवढा दुस्वास का करतो, असं मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "दुस्वास नाही, मान ठेवतो. एक दिवा लागायला पाणी केवढ्या उंचावरून खाली पडतं ते मी पाहिलंय. तुम्ही आपलं बटण तेवढं पाहिलंत."

नाचण्याच्या रस्त्याला त्यांचं चिऱ्याचं घर होतं. खाली ते दोघं, वरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं. आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा कुरिअरच्या ऑफिसात, मी ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका केंद्रात. दोघांचे पगार एकत्र केले तर सव्वीस हजार व्हायचे, आणि ते एकत्र करायला आम्हाला फार आवडायचं, कारण एकेकटे बघवत नसत. कुवारबावला एका नव्या इमारतीत एक खोली-किचन बघून ठेवलं होतं. बिल्डरला आधी अडीच लाख भरायचे होते. आमच्याजवळ अकरा हजार होते.

भाडं ठरवायला गेलो तेव्हा काकांनी पगार विचारला नाही. विचारलं, "महिन्याला उरतात किती?"

"काहीच उरत नाही," नवरा जरा अभिमानानेच म्हणाला.

काकांनी चष्मा कपाळावर नेला. "एक तारखेला बाजूला काढता की तीस तारखेला?"

"तीसला. म्हणजे, उरले तर."

"तीसला उरतो तो पालापाचोळा. उरवायचं ते एक तारखेलाच." मग आतल्या बाजूला तोंड करून त्यांनी हाक मारली, "चहा आण गो. दोन अर्धे."

हे अर्धे कप आम्हाला पुढे नीट कळले. पाहुण्याला अर्धा कप दिला की तो निम्माच वेळ बसतो, असा त्यांचा अनुभव होता. पेपर ते शेजाऱ्याचा वाचत, तोही आदल्या दिवसाचा. "बातमी एक रात्र मुरली की खरी किती नि खोटी किती ते कळतं." चपलांचे दोन जोड ते एकाच वेळी, एकाच रंगाचे घेत. एकाची उजवी तुटली आणि दुसऱ्याची डावी तुटली की उरलेल्या दोघींचं लग्न लावून देत. टूथपेस्टची नळी कात्रीने उभी कापून आतून बोटाने पुसून घेत. आणि मोबाइलवरून पैसे देणं त्यांना अजिबात मान्य नव्हतं. "हातातून नोट जाताना दुखलं पाहिजे. न दुखता जातो तो पैसा चोरीला गेला म्हणून समजावं."

पण त्यांची खरी विद्या वेगळीच होती. ती त्यांनी पहिल्याच महिन्यात, आम्ही मिक्सर घ्यायच्या गोष्टी करत जिना उतरत असताना, आम्हाला दिली.

"घ्या की," काका पडवीतल्या बाकड्यावरून म्हणाले. "पण आधी त्याला इथे बसवा. आठ दिवस."

"कुणाला?"

"मिक्सरला. हौस दारात आली की तिला लगेच घरात घ्यायची नाही. पडवीत बसवायची. आठ दिवसांनी बघायचं. बसलेली असली तर आत घ्यायची. उठून गेली असली तर तिला गरज नव्हती नि तुम्हालाही नव्हती."

आम्ही हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून काका रोज संध्याकाळी विचारू लागले, "काय, मिक्सर आहे का बसलेला?" चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "आहे, पण जरा कंटाळलाय." आणि नवव्या दिवशी खरोखरच आम्हाला मिक्सर नकोसा झाला. पाटा-वरवंटा काकूंनी दिला. साडेतीन हजार वाचले. काकांनी त्या आनंदात आम्हाला चहा पाजला, अर्धाच.

मग काय विचारता! पडदे बसले आणि गेले. पिझ्झा दोन दिवससुद्धा टिकला नाही. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात नेसायची साडी सहाव्या दिवसापर्यंत तग धरून होती, सातव्या दिवशी मीच आईची जुनी इस्त्री करून आणली. सहा महिन्यांत अकराचे एकावन्न हजार झाले. मला काका आवडत होते. त्यांचं ऐकताना हसू यायचं आणि वर पैसेही वाचायचे, अशी करमणूक दुसरी कुठे मिळणार?

बिघडलं ते माझ्या नवऱ्यामुळे. गुरू परवडतो, शिष्य परवडत नाही. काकांना निदान स्वतःच्या बोलण्यावर हसता यायचं. माझ्या नवऱ्याने त्याचं व्रत केलं. भिंतीवर कागद लावला, त्यावर हौस, तारीख आणि आठवा दिवस. मी केसांची क्लिप म्हटली तरी तो पेन उचलायचा. एकदा मी नुसतं म्हटलं, "आज पाऊस पडेल असं वाटतं," तर तो म्हणाला, "छत्री आहे ना जुनी?"

आणि तशात माझी दाढ दुखायला लागली.

डावीकडची, खालची. पहिल्या दिवशी मी लवंग धरली. दुसऱ्या दिवशी गोळी घेतली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, डेंटिस्टकडे जाऊन येते. त्याने भिंतीकडे पाहिलं.

"लगेच? लगेच गेलं की ते चार-पाच हजार सांगतात. दोन-चार दिवस बघूया ना. कधीकधी आपोआप थांबतं."

"तू माझी दाढ पडवीत बसवतोयस?"

"तसं नाही गं," तो म्हणाला. पण तसंच होतं. आणि खरं सांगायचं तर मीही बसवली. एकावन्नाचे शेहेचाळीस झालेले मलाही बघवणार नव्हते. माणसाला काटकसरीची चटक लागली की स्वतःचं दुखणंसुद्धा चैनीचं वाटायला लागतं.

सहाव्या दिवशी गाल एवढा सुजला की आरशात मला माझी आत्या दिसायला लागली. ताप होता. नवरा कामावर गेला होता. मी नळाला पाणी आलं म्हणून कळशी घेऊन खाली उतरले आणि काकूंनी मला पाहिलं.

काकूंबद्दल मी आतापर्यंत काही सांगितलं नाही, कारण त्या घरात आपण काकूंकडे बघतच नसू. बघायला काका होते. काकू बारीक, शांत, दोन रंग उडालेल्या साड्यांत आलटूनपालटून वावरणाऱ्या. अशा नवऱ्याबरोबर आयुष्य काढलं, बिचारी, असं मनात म्हणायचं आणि पुढे जायचं. सगळे तेच करत.

"काय झालं गो बाय?" त्यांनी माझ्या हातातली कळशी घेतली. मी सांगितलं. पैशांचंही सांगितलं, आठ दिवसांचंही. त्यांनी कळशी खाली ठेवली. आत गेल्या, चांगली साडी नेसून आल्या, आणि मला हाताला धरून रस्त्यावर आणून रिक्षा थांबवली.

डॉक्टर म्हणाले, पू झालाय, दोन दिवस आधी आला असतात तर नुसतं फिलिंग करून भागलं असतं. आता रूट कॅनल, वर कॅप, एकूण साडेआठ हजार. मी उठायलाच निघाले होते. काकूंनी मला खांदा दाबून बसवलं, पिशवीतून हळदीकुंकवात वाटतात तसली प्लॅस्टिकची डबी काढली आणि तिच्यातून नोटा मोजून दिल्या. पन्नासाच्या, शंभराच्या, विसाच्या. नोटांना आमसुलाचा वास येत होता.

रिक्षात मला बोलता येत नव्हतं, तोंड बधिर होतं. म्हणून काकूच बोलल्या. इतक्या महिन्यांत बोलल्या नव्हत्या एवढं बोलल्या.

"घाबरू नको. चोरीचे नाहीत. म्हणजे चोरीचेच आहेत, पण घरातल्या घरात." त्या हसल्या. "मी भाव चढवून सांगते गो. मेथी तीसला घेतली तर चाळीस. बांगडे शंभरचे घेतले तर दीडशे. किराण्यात नाही जमत, बिल असतं. भाजी नि मासळी हे दोनच धंदे भले, कागद मागत नाहीत."

मी डोळे मोठे केले.

"कधीपासून? पोफळीपासून. लोक म्हणतात, बायका चोरून साठवतात ते अडीअडचणीसाठी. मी नाही हो. मी मजा केली. दर एकादशीला भजनाला जाते ना? अर्ध्या भजनातून उठून आम्ही तिघी आइस्क्रीम खायला जातो. गेल्या वर्षी बहिणीकडे चार दिवस गेले होते ते बहिणीकडे गेलेच नव्हते. आंजर्ल्याला गेलो. समुद्रासमोरची खोली घेतली होती, पंख्याची! रात्रंदिवस पंखा लावला. थंडी वाजली तरी बंद नाही केला." आणि मग एकदम गंभीर होऊन, "पैसे परत द्यायचे नाहीत हां. परत आले की मला हिशेब ठेवावा लागेल. हिशेब ठेवणारा घरात एक आहे तो पुरे."

त्या संध्याकाळी नवरा माझा गाल बघून पांढरा पडला. मी त्याला एक शब्द बोलले नाही, बोलता येतच नव्हतं, आणि त्याचा त्याला जास्त त्रास झाला. तो तसाच खाली गेला. माझ्या कानावर सगळं येत होतं.

"तुमच्या त्या पडवीपायी माझ्या बायकोची दाढ गेली असती!"

"दाढ?" काकांचा आवाज. "दाढ कुणी बसवली पडवीत?"

"मी! तुम्हीच सांगितलं होतंत!"

"अरे गाढवा!" काका एवढ्या जोरात ओरडले की शेजारचा कुत्रा भुंकला. "हौस बसवायची सांगितली होती! दुखणं आधी घरात घ्यायचं, मग चप्पल काढायची! एवढं कळत नाही तर संसार कशाला मांडलास? किती झाले?"

"साडेआठ हजार."

पडवीतलं बाकडं कुरकुरलं. मग काका म्हणाले, "दिले कुणी?"

मी जिन्याच्या तोंडाशी आले. नवऱ्याला मी डॉक्टरांचं बिल तेवढं दाखवलं होतं, पैसे कुणी दिले ते नाही. आणि तेवढ्यात काकूंचा शांत आवाज, "तिच्या केंद्राने दिले, उचल म्हणून." काका "बरं" म्हणाले.

नवरा वर आला आणि भिंतीवरचा कागद काढून टाकला. पुढच्या एक तारखेला बाजूला काढायची रक्कम त्याने काढलीच, पण माझ्या हातात आणखी पाचशे रुपये ठेवले. "हे कशाला झाले ते मला सांगायचं नाही," म्हणाला. मी पहिल्या महिन्यात त्यांचं काय करावं ते न सुचून त्याच्यासाठीच सदरा आणला. सवय लागायला वेळ लागतो.

त्यानंतर मला काका आवडेनासे झाले. दाढेपायी नव्हे. काकूंपायी. उन्हाळ्यात खोळ घातलेल्या पंख्याखाली बसलेल्या काकू दिसल्या की आंजर्ल्याची ती खोली आठवायची आणि वाटायचं, या माणसाला आपल्या बायकोबद्दल काय माहीत आहे? याला मीटरचे आकडे माहीत आहेत, तेवढेच. काटकसरीवर भाषण सुरू झालं की मी कपडे वाळत घालायचं निमित्त करून वर निघून जायची.

पावसाळ्याच्या शेवटी काकू विहिरीच्या पायरीवर शेवाळावरून घसरल्या. मनगट मोडलं. काकांनी रिक्षा बोलावली, भाडं न ठरवता बसले, आणि जवळच्या मोठ्या खाजगी दवाखान्यात नेलं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. प्लॅस्टर सहा आठवड्यांचं. संध्याकाळी भेटायला गेले तर काकू अंथरुणावर पडून डोळ्यांनी मला जवळ बोलावत होत्या.

"मेले गो मी," त्या कानाशी कुजबुजल्या. "हात मोडला त्याचं काही नाही. बाजाराला ते जाणारेत. उद्या."

काका बाजारात कधी जात नसत. बाजारात माणूस तीन वस्तू आणायला जातो नि सात घेऊन येतो, म्हणून ते खातं त्यांनी काकूंकडे दिलं होतं. निघताना काकूंना पाचशेची नोट द्यायची, आल्यावर पडवीत बसून एकेक भाव विचारायचा, लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहायचा आणि उरलेले परत घ्यायचे, अशी पद्धत. आता तेच भाजीवालीसमोर उभे राहणार आणि मेथीचा खरा भाव ऐकणार.

"तीस वर्षांचं सगळं उघडं पडेल," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "रागावतील त्याचं नाही. पण माणसाला वाटेल ना, की हिने जन्मभर फसवलं."

मी म्हटलं, बघते.

दुसऱ्या दिवशी मी कामावर जायच्या आधी स्कूटर काढून बाजारात गेले. काकूंची नेहमीची भाजीवाली आणि नेहमीची मासेवाली शोधली. गोष्ट सांगितली. उंच, काळी टोपी, पिशवीला पिशवी बांधलेली, असा म्हातारा येईल. त्याला वाढवून सांगा. मेथी चाळीस. बांगडे दीडशे. वरचे पैसे तुमच्याकडे ठेवा, मी येऊन घेईन. दोघी अशा खूश झाल्या की जन्मात त्यांना एवढी सोपी विनंती कुणी केली नसावी.

"म्हातारा घासाघीस करील?" मासेवालीने विचारलं.

"करील."

"करू दे. मी खाली येत नाय."

घरी परतले तर काका निघतच होते. "मलाही दोन जुड्या हव्यात," असं म्हणून मी बरोबर निघाले. केंद्रात फोन करून तासभर उशीर कळवला.

भाजीवालीला अभिनयाची आवड असावी. काकांनी "मेथी कशी?" विचारताच ती चाळीस विसरली आणि छाती काढून म्हणाली, "साठ."

मी तिला डोळ्यांनी खुणावलं. शेजारच्या टोपलीवर एक बाई तशाच मेथीची जुडी तीसला देत होती, आणि ओरडून ओरडून देत होती. काका क्षणभर त्या जुडीकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पैसे काढले, बोटाला थुंकी लावून मोजले आणि साठ रुपये दिले. एक शब्द न बोलता.

मासळीबाजारात तर कहर झाला. आमच्या मासेवालीने दीडशे सांगितले आणि तिच्या मागून कुणीतरी आरोळी ठोकली, "शंभरला वाटा, शंभरला वाटा! घेऊन जा बांगडा!" काकांना ऐकू आलं नाही. ज्यांना वरच्या खोलीत चालू राहिलेला नळ पडवीतून ऐकू यायचा, त्यांना चार फुटांवरची आरोळी ऐकू आली नाही. त्यांनी दीडशे दिले आणि मासेवालीला वर नमस्कार केला.

आम्ही परत चालत निघालो. रिक्षा केली नाही, बाजारातून घर अडीच किलोमीटर असलं तरी. चढावर एका बंद दुकानाच्या पायरीवर काका दमून बसले, पिशवी दोन पायांत ठेवली.

"त्या भाजीवालीला साठ सांग म्हणून तू सांगितलंस काय गो?"

मी मान डोलावली.

"चुकलं तिचं. तुझ्या काकूचा भाव चाळीस आहे."

मी उभी होते ती खालीच बसले.

"काका, तुम्हाला…"

"अगो, मी चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. खिळ्याचा भाव मला पाठ. माझ्याच घरात येणाऱ्या मेथीचा भाव मला कळणार नाही?" त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "स्टोअरमध्ये सिमेंट आलं, वाळू आली, की शेकडा अमुक गळती धरायची पद्धत असते. धरावीच लागते. महिन्याच्या एकूण खर्चावर मी घरात दहा धरतो. ती बाराच्या वर कधी गेली नाही. प्रामाणिक बाई आहे."

मला हसावं की रडावं कळेना. "पण मग बोलला का नाहीत?"

काकांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

"पोफळीला होतो तेव्हाची गोष्ट," ते म्हणाले. "लग्नाला दुसरं वर्ष. चाळीतली एक बाई सातारला जाऊन बुट्ट्यांची साडी घेऊन आली. हिने मागितली. मी म्हटलं, पडवीत बसव. नवव्या दिवशी विचारलं, आहे का बसलेली? ही म्हणाली, गेली उठून. मला असा आनंद झाला! स्टोअरमधल्या लोकांना चहा पाजला मी."

"मग?"

"मग तिने काही मागितलंच नाही. महिना गेला, वर्ष गेलं. दोन वर्षं गेली. घरात बायको आहे, स्वयंपाक करते, बोलते, हसते, नि काही मागत नाही. तुला नाही कळायचं. मला भीती वाटायला लागली. साडी नव्हती उठून गेली. तीच कुठेतरी गेली होती." त्यांनी पिशवीची गाठ उगाच घट्ट केली. "नि एक दिवस तिने वांगी आणली, नि सांगितलं आठ रुपये. मी सकाळीच त्याच गाडीवर सहा ऐकले होते. दोन रुपयांची तूट! स्टोअरमध्ये आली असती तर मी शिपायाला उभा केला असता. घरी मी आपला हुश्श करून बसलो. म्हटलं, चला. तिला काहीतरी हवंय."

समोरून एक टेम्पो चढ चढत गेला. तो जाईपर्यंत आम्ही थांबलो.

"हातानेच द्यायचे होते की मग," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. "आइस्क्रीम घेऊन द्यायचं. आंजर्ल्याला तुम्ही न्यायचं." आणि जीभ चावली.

"आंजर्ल्याला गेली होती काय?" काका चटकन वळले. त्यांचा चेहरा असा उजळला की पाहत राहावं. "मला वाटलंच होतं, बहीण नव्हे ती. येताना केसांत वाळू होती. बरी होती का जागा?"

"समुद्रासमोर होती. पंखा होता."

"लावला होता?"

"रात्रंदिवस."

काकांनी डोळे मिटले. विजेचा विचार मनात आला असणार, ती जखम काही साधी नव्हती. पण ते गिळून म्हणाले, "बरं केलं." आणि मग, माझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून, हळूच, "माझ्या हातून सुटत नाही गो. मी करून बघितलं. एकदा तिच्यासाठी म्हणून शंभराची नोट वेगळी काढली. पंधरा दिवस खिशात घेऊन हिंडलो. सोळाव्या दिवशी मुदत ठेवीत टाकली. काहींना गाता येत नाही, तसं आहे हे. म्हणून म्हटलं, आपल्याला देता येत नाही तर निदान तिला घेता येऊ दे."

ते उठले. "तिला सांगू नकोस. कळलं तर घ्यायची बंद होईल."

मी संध्याकाळी काकूंना जाऊन सांगितलं की सगळं सुरळीत पार पडलं. काकूंना खरं वाटेना.

"साठला मेथी घेतली? नि काही बोलले नाहीत?"

"नाही."

काकूंनी प्लॅस्टरचा हात उशीवर नीट ठेवला. मग पदराने डोळे टिपून म्हणाल्या, "म्हातारे झाले गो."

ते सहा आठवडे मी दोघांची गुपितं सांभाळत जिन्यावरून वर-खाली करत होते, आणि नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. बाजारातले वरचे पैसे भाजीवालीकडून आणि मासेवालीकडून गोळा करून काकूंच्या डबीत टाकायचे, हे काम माझ्याकडे आलं होतं. भाजीवाली तिचं कमिशन म्हणून दोन रुपये कापून घ्यायची. काकांच्या दहा टक्क्यांत ते बसत असावेत.

आमचं कुवारबावचं घर त्यानंतर दोन वर्षांनी झालं. आज तिथे मिक्सर आहे, पडदे आहेत, पंखा सरळ लागतो. काकांचं काय बरोबर होतं आणि काय चूक, यावर मी आणि नवरा अजून भांडतो. पण त्या घराची आठवण निघाली की मला एकच सकाळ आठवते.

प्लॅस्टर निघून आठवडा झाला होता. मी कामावर निघाले होते आणि पडवीत स्कूटरची किल्ली शोधत उभी होते. काकू पहिल्यांदाच बाजार करून आल्या. पिशवी खाली ठेवली, बाकड्याच्या टोकाला बसल्या. काकांनी लग्नपत्रिका उलटी केली, पेन्सिल काढली.

"मेथी?"

"चाळीस," काकू म्हणाल्या. नेहमीच्याच शांत आवाजात.

काकांनी लिहिलं नाही. पेन्सिल हवेत धरून ते पत्रिकेकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं. आता बोलणार. काकूंनी उरलेले पैसे मुठीतून बाकड्यावर ठेवले होते. काकांनी त्यातली दहाची एक नोट उचलली. ती नोट थोडा वेळ त्यांच्या बोटांत तशीच राहिली. ती सुटत नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. मग त्यांनी ती काकूंच्या, नुकतंच प्लॅस्टर निघालेल्या, गोऱ्यापान पडलेल्या हातावर ठेवली.

"पन्नास असेल," ते म्हणाले. "नीट आठव. दोन वर्षं तू चाळीसच सांगत्येस. बाजारात सगळं महागलंय."

काकूंनी हातावरच्या नोटेकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मी किल्ली सापडूनही शोधत होते. किती वेळ गेला कोण जाणे. काकूंच्या कपाळावर काहीतरी येऊन गेलं, पोफळीपासूनचं सगळं, आणि कान आधी लाल झाले आणि मग गाल.

"हो," त्या म्हणाल्या. "पन्नासच. चुकले मी."

काकांनी पन्नास लिहिले. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, आणि वर न बघता पुढच्या ओळीवर ठेवलं.

"बांगडे?"

काकूंनी पदर सारखा केला, दहाची नोट त्याच्या टोकात बांधली, आणि म्हणाल्या, "तुम्हीच सांगा."